साएच्या जागी सई

२ एप्रिल
आजपासून मी सोलापूरकर! जुळे सोलापुरात बजाबाईंच्या घरातली वरची खोली मिळाली. खाली त्या एकट्याच राहतात. मी वैरागची म्हटल्यावर त्यांनी लगेच कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढ्यात ठेवली. धाकटी बहीण सई फोनवर विचारत होती, नोकरी नक्की कसली? परदेशी सिनेमांचे संवाद मराठीत लिहायचे, पडद्यावरच्या ओठांशी जुळवून. पहिलंच काम म्हणजे जपानी भयपट. तीन कथांवरून केलेल्या तीन गोष्टी, एकाच सिनेमात. मला भुतांचं भय नाही, इथल्या उन्हाचं आहे.

४ एप्रिल
स्टुडिओचे मालक वेणीमाधव सर. त्यांचं म्हणणं, जपानी नावं आपल्या लोकांच्या लक्षात राहत नाहीत, इथलीच घाला. आता नावं कुठे शोधत बसू? पहिल्या गोष्टीत शेवया विकणाऱ्याचा आवाज एक वाटसरू मागून घेऊन जातो. त्या विकणाऱ्याला आमच्या स्टुडिओखालच्या चहावाल्याचं नाव दिलं, प्रभु. दुसरीतल्या म्हातारीला स्वतःच्याच घराचं दार सापडेनासं होतं. ती अर्थात बजाबाई. तिसरीत एका मुलीला बाहेरून बहिणीचा आवाज येतो. ती दार उघडते, पुन्हा कुणाला दिसत नाही. तिचं नाव साए. सई म्हटलं की ओठ काय छान जुळतात! लिहून टाकलं, आणि फोन करून सईला चिडवलंसुद्धा.

८ एप्रिल
पहिल्या गोष्टीचं रेकॉर्डिंग झालं. चहाला खाली उतरले तर प्रभुकाकांचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. सकाळी याच माणसाची हाक चौकापर्यंत ऐकू येत होती. उन्हानं घसा बसला असेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण घसा बसलेला माणूस घोगरं तरी बोलतो.

९ एप्रिल
दुसरी गोष्ट दुपारी संपली. घरी आले तर बजाबाई स्वयंपाकघराची भिंत चाचपत होत्या.

"दार कुटं हाय गं, पोरी?"

दार त्यांच्या समोर होतं, सताड उघडं. हाताला धरून बाहेर आणलं तेव्हा त्या लहान मुलासारख्या रडल्या. संध्याकाळी होटगीहून त्यांचा मुलगा बिभीषण आला आणि त्यांना घेऊन गेला. आता घरात मी एकटी. मला भीती वाटतेय. खूप.

१० एप्रिल
तिसरी गोष्ट उद्या. सरांना सगळं सांगितलं. हसले. जपानी नाव परत घालू का? नाही. नावच गाळू? तेही नाही. झालेल्या दोन गोष्टींतली नावं बदलून बघू, म्हटलं तर चार दिवस रजा घे म्हणाले. पण मी गेले तर ते सईच ठेवून रेकॉर्ड करणार.

सईला बजावलं, माझा आवाज आला तरी दार उघडू नकोस. तिला गंमत वाटली.

"ताई, तुझा आवाज आला तर उघडणारच की."

११ एप्रिल, सकाळ
लीला लिहिलं, खोडलं. उमा लिहिलं, खोडलं. कुठलंही नाव घातलं तरी ती कुणाची तरी बहीण असणारच. शेवटी रेश्मा लिहिलं. माझंच. सर कुरकुरले, म म्हणताना ओठ मिटतात, पडद्यावरचे उघडे आहेत. पण चालवून घेतलं. बरं वाटलं.

दुपार
रेकॉर्डिंग झालं असणार. खोलीवर येऊन कडी लावून बसलेय. सईला फोन लावलाय, ठेवू नकोस म्हटलंय. ती वैरागला, घरीच. सुखरूप—

जिन्यावर कुणीतरी—

दार वाजतंय. ताई, दार उघड की. सईचा आवाज. फोनवरच्या सईला विचारलं, आत्ता तू बोललीस का. नाही म्हणाली.

उघडणार नाही. नाहीच.

बाहेरची रडतेय. पाय भाजतायत म्हणते. सई लहानपणी रडायची तसंच, मध्येच उचकी—

फोनवरची म्हणते, उघडू नकोस. आईला दे म्हटलं. देत नाही. पुन्हा म्हटलं. नुसतं उघडू नकोस, उघडू नकोस—

मग खरी कोण?

काळजीनं पहिल्या एसटीनं निघून आली असेल तर? उन्हात, एकटी, आणि मी आत कडी लावून—

आले गं, सई. आले. कडी काढ—