तुकारामच्या खांद्याबद्दल

मी, विजय विश्राम राणे, वय एकसष्ट, व्यवसाय वकिली, मूळ राहणार तालुका कुडाळ, सध्या मुक्काम सलवा, कुवेत, कोणाच्याही दडपणाखाली न येता ही शेवटची इच्छा लिहून ठेवतो. सोमवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे. मनाबद्दल तसे लिहून देता येत नाही.

१. गावचे घर व कलमांची बाग पत्नी सौ. रेखा हिच्या एकटीच्या नावे. मुलगा अभिनव याने हरकत घेऊ नये. गावाचा विषय काढला की तो म्हणतो, "इट्स युअर व्हिलेज, डॅड." बँकेतली शिल्लक दोघांत निम्मी.

२. कायद्याची पुस्तके तालुक्याच्या वाचनालयाला. काळा कोट कोणालाही देऊ नये. मला तो कधी शोभलाच नाही.

३. कुवेतमधल्या आमच्या गावमंडळाचे अध्यक्षपद माझ्यानंतर चुलतभाऊ बाळा याला मिळू नये. मंडळ माझ्या मालकीचे नाही, तरी लिहितो. तुकारामला वाळीत टाकायचा ठराव त्यानेच आणला होता.

४. तुकाराम परब आमच्या गावचा, इथे कुवेतच्या अब्बासिया भागात वेल्डर. शिमग्यात देवाची पालखी त्याच्या दारी नेणे गावकीने बंद केले, म्हणून तो कोर्टात गेला. मंडळात निवाडे मीच करायचो, लोक मला जजसाहेब म्हणायचे. बाळाचा ठराव मीच मंजूर केला. कोर्टात गेला म्हणून एका वकिलाने त्याला वाळीत टाकले! हा गुन्हा आहे हे मला चांगले ठाऊक होते. पण मंडळाची निवडणूक तोंडावर होती आणि मते गावकीच्या बाजूची. त्याला गाववाल्यांच्या खोलीतून काढले, बोलणे तोडले. गावी त्याची आई ठकूबाई वारली, तेव्हा खांद्याला माणूस मिळेना. शेवटी शेजारच्या महबूबने मुलगे आणून तिरडी उचलली. ही बातमी कळली तेव्हा मी ताटावर होतो, आणि पोटभर जेवलो. लाज वाटते मला. बहिष्कार अजून चालूच आहे.

५. म्हणून माझा देह गावी न्यावा व पहिला खांदा तुकारामने द्यावा. त्याच्या शेजारी चालायला ज्याला जड जाईल, त्याने मला हात लावू नये.

हे कलम वाचून दाखवायला काल तुकारामच्या खोलीवर गेलो. त्याने चहा ठेवला, सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाला, "भाऊनू, खांदो मी देतलंय. पण माका तुमी सभेत वाळीत टाकलात. आता मेल्यावर काढतलात? सभेतच काढा."

मला आधी रागच आला. खाली येऊन गाडीत बसलो आणि रडलो. मला मेल्यावर धीट व्हायचे होते.

६. कलम ५ रद्द. येत्या शुक्रवारच्या सभेत मी स्वतः ठराव मागे घेईन व सगळ्यांसमोर तुकारामची माफी मागेन. अध्यक्षपद गेले तर जाऊ दे. खांद्याचे त्याने त्याच्या मनाने ठरवावे.

ठिकाण: माझे ऑफिस, मिरकाब, कुवेत. बुधवार, १५ जानेवारी २०२५.
सही: विजय विश्राम राणे

साक्षीदार:
१. वाजिद, ऑफिसातले टायपिस्ट. सही केली.
२. तुकाराम परब. सही सभेनंतर करीन म्हणतो. दुसऱ्या सहीशिवाय हा कागद लागू होत नाही, हे त्याला मीच सांगितले आहे. जागा मोकळी ठेवली आहे.