तळं स्थिर आहे

ताश-सारी, ४ जुलै

प्रिय असिलबेकदादा,

तुला सलाम, वहिनीला आणि पोरांना माया. फोन उचलत नाहीस, म्हणून दुधाच्या गाडीबरोबर हे पत्र. घोड्यांना शिंगरं झालीत. घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस घुसळून आईचे हात भरून येतात, पण तिला थांबवणार कोण?

उन्हाळा कडक आहे. नदी गढूळ झालीय.

तळ्याबद्दल लिहिणार नव्हते, पण दुसरं काही सुचतच नाही. हिमनदीच्या पायथ्याचं पाणी दगडगोट्यांच्या बांधापर्यंत चढलंय आणि बांध खालून पाझरतोय. आमच्या हिमनदी-पाहणी कचेरीच्या अहवालात मी ‘धोकादायक’ लिहिलं होतं. छापून आलं ‘स्थिर’, आणि खाली नाव माझं! कचेरीचे संचालक म्हणाले, “बाई, नवं विश्रामगृह उघडायला राजधानीतून बडे पाहुणे येताहेत. समारंभ होऊ दे, मग बघू तुमचं तळं.”

“साहेब, तळ्याला तारीख कळवलीत का?” मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या माझ्या खोलीचं कुलूप बदललेलं.

मग मी गावच्या सभेत मूळ अहवाल वाचला. अर्धं गाव तंबू घेऊन वरच्या कुरणात गेलं. उरलेले मला बघून हसतात. “काय गं जिपारा, तळं आज येणार की उद्या?”

हसू देत. पण दादा, आई हलत नाही. नदीकाठचं घर सोडायला तयार नाही. हातापाया पडले, तर म्हणाली, “माझा मुलगा उपमंत्री आहे. टीव्हीवर तो स्वतः म्हणाला, तळं स्थिर आहे. तो आईशी खोटं बोलेल?”

मीही इथेच तिच्याजवळ राहतेय.

माझं खरं मानू नकोस हवं तर. फक्त ये, आणि टीव्हीवरचं ते वाक्य तिच्या डोळ्यांत बघून म्हण.

तुझी,
जिपारा

वरचं कुरण, २३ जुलै

दादा,

आई बरी आहे. तंबूत करमत नाही म्हणते.

तू आलास तेव्हा दारातच, चहाला हात न लावता म्हणालास, “आई, ते मला वाचायला दिलं होतं. खरंखोटं मी विचारलं नाही. चल.” तिनं शाल घेतली आणि निघाली. उपमंत्र्याची आईच निघाली म्हटल्यावर हसणारेही मुकाट्यानं मागून चढले. त्याच आठवड्यात, भर दुपारी, बांध फुटला. पूल गेला, शाळा गेली, आपलं घर गेलं. माणूस एकही गेलं नाही.

काल संचालक नवा अहवाल घेऊन आले. ‘दुर्घटना अचानक, कोणतीही पूर्वसूचना नसताना घडली.’ माझ्यापुढे पेन धरलं. “सही करा, उद्या खोली उघडून देतो.” मी केली नाही.

चौकशी बसणार आहे म्हणे. आईला सांगितलंस तेच तिथे सांगशील? तुझी खुर्ची जाईल, ठाऊक आहे. पण पलीकडच्या खोऱ्यातली तळीही भरत आलीत. त्यांचे अहवालही ‘स्थिर’ म्हणूनच छापलेत. आणि त्या खोऱ्यात, दादा, आपली आई राहत नाही.

तुझ्या तोंडून खरं ऐकायला कान लावून बसलेली,
जिपारा