चंद्री म्हशीचं जपानी

प्रिय शिवांजली,

पत्र बघून तू हसशील. मी जपानहून परतून पुण्यात असताना, फोन लागत असताना हिला कागद कशाला हवा, म्हणशील. फोनवर तू गोड बोलायला लागलीस की मी विरघळते, आणि या वेळी मला विरघळायचं नाही. तेव्हा गप बस आणि शेवटपर्यंत वाच.

मंगळवारी दीपमाला आली होती. आपल्या गल्लीतल्या गोरोबाकाकांची धाकटी. तिलाही जपानला नर्स म्हणून जायचंय, म्हणून मी ड्युटीवरून आले की तिला तासभर शिकवते. तिच्या हातात नवंकोरं पुस्तक, ‘घरच्या बोलीतून जपानी’, वर तुझं नाव, मागं तुझा फोटो. आधी मला खरंच आनंद झाला गं. मग तिनं बाराव्या पानावर बोट ठेवून विचारलं, ताई, ह्यातली चंद्री म्हैस तुमचीच हाय व्हय? मी वाचलं. ‘चंद्री गोठ्यात आहे. आई चंद्रीला पाणी पाजते. चंद्री आईशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही.’ खाली जपानी. पुढची पानं मी भराभर उलटली, सगळी मला पाठ आहेत.

सोलापूरचं नर्सिंगचं हॉस्टेल आठवतं ना? जपानीच्या वर्गात सर सगळं इंग्रजीतून समजावत आणि आपण दोघी मख्खासारख्या बसायचो. आपलं मराठी उलटं केलं की इंग्रजी, आणि ते पुन्हा उलटं केलं की जपानी. दुसऱ्याच महिन्यात तू पुस्तक ट्रंकेत टाकलंस आणि रडत बसलीस. त्या रविवारी गावाकडून येताना मला एसटीत सुचलं की मधलं इंग्रजी काढूनच टाकावं. अणदूरहून सोलापूरला एसटीनं जाते. अणदूर कारा, सोलापूर ए, एसटी दे, इकिमास. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. हून, ला, नं हे सगळं आपल्यासारखंच शब्दाच्या मागं चिकटतं, क्रियापद शेवटी येतं, आणि ‘मी’ म्हटलं नाही तरी कळायचं ते कळतं. ‘खाऊन बघ’मधलं बघणं इंग्रजीत कसं सांगायचं म्हणून सर घाम पुसायचे, जपानीत ते जसंच्या तसं आहे, ताबेते मिरु. मी एसटीत एकटीच हसत होते, कंडक्टर बघायला लागला. पोचल्या पोचल्या तुला सांगितलं तर तू माझ्या गळ्यात पडलीस.

मग तशी वाक्यं मी एका वहीत लिहायला लागले, दोन वर्षं ती वही चालली. उदाहरणं कुठून आणू? माझ्याच घरातली घातली. एकच गोष्ट मराठीत बसेना. आपल्याकडं देणं ते देणं. त्यांच्याकडं मी दुसऱ्याला दिलं तर आगेरु आणि दुसऱ्यानं मला दिलं तर कुरेरु. तुझ्या डोक्यात ते काही केल्या शिरत नव्हतं. तीन दिवस मी माझी भाकरी तुझ्या ताटात आणि तुझी माझ्या ताटात ठेवून शिकवत होते. मेसच्या मावशी वैतागल्या, पोरींनो, जेवताव का खेळताव, म्हणाल्या. तो भाकरीचा धडाही पुस्तकात आहे. ‘हा धडा मला विशेष जवळचा’ असं वर लिहिलंयस, वा गं वा.

पुढं जपानीच्या परीक्षेच्या तोंडावर आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी घरी आले ती इथलीच झाले. तू पास झालीस, जपानला निघालीस. निघायच्या आदल्या दिवशी वही मागितलीस आणि मी झेरॉक्ससुद्धा न काढता दिली. बावळट मी. पहिल्या पानावर ‘श्री खंडोबा प्रसन्न’ लिहिलं होतं, आपण सगळ्याच वह्यांवर लिहितो तसं, पण स्वतःचं नाव घालायचं राहून गेलं. देवाचं होतं, तेवढं पुरेसं वाटलं. आपल्या माणसाला वही देताना नाव कोण तपासतं?

माझं नाव छापलं नाहीस, तेही मी एकवेळ सोसलं असतं. पण तुझी प्रस्तावना! ‘परक्या देशात एकटीनं बसून, कुणाच्याही मदतीशिवाय ही वाक्यं रचली.’ हे लिहिताना हात कसा चालला तुझा? आई दोन वर्षांपूर्वी गेली, तू आली नाहीस, मी समजून घेतलं. आता तीच आई तुझ्या पुस्तकात तुझी म्हणून म्हशीला पाणी पाजतेय. दीपमालाला मी काय सांगितलं माहितीय? असेल एखादी दुसरी चंद्री. तुझ्यासाठी खोटं बोलले, आणि ती गेल्यावर कडी लावून ढसाढसा रडले. मला लई राग आलाय, शिवा. एवढा राग मला आजवर कुणाचा आला नव्हता.

काल हिंमतरावकाका घरी आले होते. येत्या रविवारी शाळेच्या पटांगणात गावानं त्यांच्या लेकीचा, म्हणजे तुझा, सत्कार ठेवलाय, शाल, श्रीफळ, फेटा, सगळं ठरलंय, हे त्यांनी दोन-दोनदा सांगितलं. सत्कारमूर्तीची ओळख तूच करून द्यायची, म्हणाले, माझ्या पोरीला तुझ्याइतकं कोण ओळखतं? त्यांच्या तोंडाकडं बघून मला नाही म्हणवलं नाही. पण उभी राहिले तर मी खोटी ओळख करून देणार नाही. हे पत्र कुरिअरनं पाठवतेय, शुक्रवारी तुला मिळेल. शनिवारी तू घरी येशील, तेव्हा तुझ्या वडिलांना तुझ्या तोंडानं सांग, त्यांना ते चारचौघांत माझ्याकडून कळू नये. तू सांगितलंस तर मी तुझं नाव, शिक्षण वाचून खाली बसेन. नाही सांगितलंस तर माईक दोन मिनिटं माझ्या हातात आहे, आणि तेवढी मला पुरतात.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
नीरजा