जव्हारचा एक

माघ वद्य अष्टमी, मुंबई

त्या कारकुनाचं हसणं अजून कानात आहे. विलायतेला शिकायला निघालेल्या पोरांच्या पेट्या आम्ही बोटीवर चढवत होतो. गोदीतला कारकून वर्तमानपत्रातून वाचून सांगत होता, जपानची पोरं बाहेर शिकायला ढिगानं जातात, चीनचीपण जातात, आपली त्या मानानं मूठभर. मी विचारलं, "आणि जव्हारची किती, भाऊसाहेब?"

हसला. "जव्हार काय देश आहे का रे?"

का नाही? आमच्याकडे राजा आहे, सरहद्दीला नाका आहे. आमच्या जामसर गावाहून निघालो तेव्हा बा नाक्यापर्यंत आला आणि थांबला. म्हणाला, "पुढं इंग्रजाचा मुलूख, पोरा. तिकडं आपलं कोण नाही." मग मी परमुलखातच आलो ना? दोन यत्ता गावाकडे झाल्या, तिसरी इथल्या रात्रीच्या शाळेत चालू आहे. हे शिकणं नव्हे तर काय?

"मग एक धरा. मी," असं म्हटलं. पुन्हा तेच हसणं. मुकादमपण हसला. "वा, विलायती विद्यार्थी. उद्यापासून रातपाळीला ये, नाहीतर येऊच नको."

रातपाळी म्हणजे शाळा सुटली. विचार करून सांगतो म्हणालो, पण विचार कसला करायचा? संध्याकाळी शाळेत मास्तरांनी नाव घेतलं तेव्हा हजर असं ओरडलो की पुढचे दोघं वळून बघायला लागले.

उद्या मुकादमाला 'नाही' म्हणून सांगणार. पेट्या उचलायला खांदा लागतो, तो दुसऱ्या गोदीतही चालेल. तिसरी मात्र पुरी करणार.