मधोमध एक लाट

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मनुष्यजातीवरचा माझा उरलासुरला विश्वास एका पडदेवाल्याने संपवला, हे आधी कळवतो. कुशल नंतर विचारतो.

मागच्या खोलीतली माझी पुस्तकं भिंतीला सरकवून तिथे घरचं थिएटर करायचं, असा ठराव तुझ्या भाचीने मांडला आणि तुझ्या भावजयीने त्याला अनुमोदन दिलं. प्रोजेक्टर आला. पडदा निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, का तर बाबा थिएटरात ऑपरेटर होते. तीस वर्षं पोरांना संस्कृत व्याकरण शिकवणाऱ्याला पडद्यातलं काय कळतं, हे कुणी विचारलं नाही.

पहिला आणला तो गुंडाळायचा. खाली ओढला की मधोमध लाट. भाचीलाही ती दिसली. घरात माझ्या बाजूचा हा एकमेव साक्षीदार. पडदेवाला म्हणाला, गुंडाळीचा पडदा म्हटला की थोडं व्हायचंच. दुसरा दोन्ही कडांना दोऱ्यांनी ताणलेला. लाट कायम. तिसरा चौकटीत ढोलासारखा ताणून बसवलेला, काळ्या मखमली किनारीचा. आणि पांढरा नव्हे, राखाडी, कारण खोलीला खिडकी आहे आणि राखाडीवर काळं अधिक काळं दिसतं म्हणे. तोही मधे फुगलाय! खालची किनार तर ओल्या दोरीसारखी लोंबते. पडदेवाला शपथेवर सांगतो की सरळ आहे. भाची परीक्षेत बुडालेली, तिने हा पाहिलेलाच नाही. तुझी भावजय मात्र शत्रुपक्षाला मिळाली. पडदा सरळ आहे, वाकडा मीच, असं तिचं आप्तवाक्य.

मी प्रत्यक्ष प्रमाण मानणारा माणूस. दिसतं ते आहे. चौथा पडदा मागवलाय.

तुझे गुडघे कसे आहेत? लोभात काटछाट करू नये, उपदेशात केलीस तर चालेल.

तुझा,
शास्त्री


९ जून

चि. शास्त्रीस,
अ. उ. आ.

गुडघे आहेत तिथेच आहेत. तुझं पत्र डोळ्यांच्या वॉर्डात ड्युटीवर असताना चहाच्या सुट्टीत उघडलं. हसत वाचायला घेतलं आणि चहा तसाच राहिला.

चौथा पडदा आणू नकोस.

हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. तू तेव्हा शिकायला बाहेर होतास. बाबांचे डोळे यंत्राच्या प्रखर उजेडाने गेले, असं आईने तुला कळवलं. सगळ्यांनाच तिने तेच सांगितलं. ते खरं नव्हतं. आजोबांचेही तसेच गेले होते. माझं लग्न जमवायचं होतं, आणि घराण्यात डोळ्यांचं काही आहे हे बाहेर फुटायला नको होतं. मीही गप्प बसले. लग्न काही झालं नाही, गप्प बसायची सवय तेवढी राहिली.

बाबांची सुरुवात पडद्यापासूनच झाली. थिएटरच्या पडद्याला मधे चुणी पडलीय म्हणून ते मालकाशी भांडले. मालकाने पडदा बदलला. मग बाबांनी यंत्राचं भिंग पुसपुसून झिजवलं. मग यंत्रच तिरकं बसलंय म्हणून त्याच्या खाली पाचरी ठोकल्या. यात आठ महिने गेले. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. शेवटी माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघायचे. मधलं सगळं गेलं होतं, कडेचं थोडं उरलं होतं.

सोबत बारीक चौकटींचे दोन कागद आहेत. मधे ठिपका आहे. चष्मा लाव, एक डोळा झाक, ठिपक्याकडे बघ. मग दुसरा डोळा झाकून बघ. रेघा सरळ दिसतात की नाही, एवढंच लिही. एका ओळीत. श्लोक नकोत.

आता इंजेक्शनं निघाली आहेत. गेलेलं परत येत नाही, पण राहिलेलं राहू शकतं. वेळेत आलं तर.

तुझी,
ताई


१५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे कागद पाहिला. दोन्ही डोळे उघडून नीट पाहिला, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. तपासणीच्या दिवशी पोरं बसतात तशा रेघा सरळ आहेत. मधे किंचित दबल्यात, पण ते तुझ्या घडीमुळे. एकाला दोन कागद पाठवलेस. टपालखात्यावर इतका अविश्वास बरा नव्हे.

बाबांचं वाचून मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही. मी वर्गात पोरांना त्या प्रखर उजेडाची गोष्ट दृष्टान्त म्हणून सांगत आलो. अभिमानाने सांगायचो.

परवा वाचून दाखवताना ओळीतलं मधलंच अक्षर गळलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने दुरुस्त केलं. शिष्याकडून पराजय इच्छावा म्हणतात, तो मिळाला.

चौथा पडदा आलाय. त्याबद्दल लिहीत नाही.

राग धरू नये, माया धरावी.

तुझा,
शास्त्री


१९ जून

चि. शास्त्रीस,
अ. उ. आ.

कागदांना घडी नव्हती. मी ते गुंडाळून नळीत घालून पाठवले होते.

दोन्ही डोळे उघडे ठेवले की एक दुसऱ्याचं पाप झाकतो. एकेक झाक. आज.

ताई


२३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उजवा झाकला, रेघा सरळ. डावा झाकला, तर ठिपक्याभोवतीच्या चौकटी आत ओढल्यासारख्या, आणि ठिपक्याच्या जागी बोटाने पुसल्यासारखा डाग. तुझी एक ओळ संपली. पुढचं माझ्या मनाचं.

तुझ्या भावजयीला तिसऱ्या पडद्याच्या किनारीवर शिवणाचा दोरा ताणून धरायला सांगितलं. किनार लोंबत होती, दोराही लोंबत होता. मग बोट फिरवून पाहिलं. सरळ होती. ती दोरा रिळाला गुंडाळत बसली, बराच वेळ. पडदेवाल्याला फोन करून क्षमा मागितली; तो बिचारा इतका गोंधळला की त्यानेच माझी मागितली. तिसरा पडदा ठेवून घेतला. निवड पहिल्यापासून चांगली होती.

गुरुवारी तुझ्या डॉक्टरांकडे येतो. आठ महिने नाही, माझे तीन आठवडे गेले. त्याआधीचे मी मोजलेले नाहीत. माझ्यापुरतं विचारशील तर बरंच तोंडपाठ आहे, निभेल.

तू दोन कागद का पाठवलेस ते कळलं. दुसरा टेबलाच्या खणात पालथा ठेवलाय. पहिल्या पडद्यावरची लाट तुझ्या भाचीलाही दिसली होती. गुंडाळीचा पडदा होता, लाट खरीच असेल. किंवा बाप एकटा पडला म्हणून ती हो म्हणाली असेल. विचारायला तीनदा तिच्या दारापर्यंत गेलो. आत ती वाचत बसली होती, पुस्तक अगदी डोळ्यांशी धरून. ती लहानपणापासून तशीच वाचते. तशीच ना, ताई?

गुरुवारी तिला बरोबर आणू का, ते कळव. माझ्याने ठरत नाही. माझ्या डोळ्यांचं दुःख आहे. भीती तिची वाटते.

लोभ आहेच. या खेपेला थोडा धीरही पाठव.

तुझा,
धाकटा