धाकटीनं वाट पाहिली

आजे,

तुझ्या वात्रट तोनचा पाया पडून नमस्कार. खोनकेनला घरी नीट पोचलीस ना? गुडघा कसाय? मी बरा आहे, जेवतो वेळेवर.

सरहद्दीवरच्या नोंगखायच्या स्टेशनात प्रवाशांच्या आठवणीसाठी ठेवलेला तो हत्तीचा शिक्का मी तुझ्या पासपोर्टात उगाच मारला. धाकटी बहीण शेवटचं मोजतेय म्हणून सकाळपासून रडत होतीस, तुला हसवायचं होतं गं. पासपोर्ट तपासणारा साहेब म्हणाला, "आजीबाई, हा आता चालायचा नाही. नवा काढून या." मी पाय धरले तरी ऐकेना. तू मला एक शिवीसुद्धा दिली नाहीस. "जा माकडा, गाडी सुटेल. माझ्या वतीनं आपल्या रीतीनं धाकटीच्या हातावर पाणी घाल, माफी माग," एवढंच म्हणालीस.

गाडी झकास आहे. आता मध्येच उतरून बदलावी लागत नाही, नदीवरचा पूल ओलांडून थेट पलीकडच्या देशात, धाकटीच्या व्हिएन्तियानला. तुझी खिडकीची जागा मी कुणाला दिली नाही.

अंथरुणावर पडलेल्या तुझ्या बहिणीच्या हातावर मोगऱ्याचं पाणी घातलं. म्हटलं, "आजी माफी मागते. जुनं भांडण मनात ठेवू नका." तिनं डोळे उघडले.

"ताई कुठाय?"

मला खरं सांगवेना. म्हटलं, "पासपोर्टच्या रांगेत आहे, येतेच आहे."

"मग थांबते," म्हणाली.

दोन दिवस दाराकडे बघत थांबली गं आजे. काल दुपारी गेली.

मी आलो की बदडून काढ मला, पण माझ्याशी बोल.

तुझाच,
तोन