भाग दोनमधला आळशी पोरगा

सांगली,
११ जुलै १९९५

चि. पुष्कर यास गंगाधरकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेली व्हिडीओ गेमची कॅसेट एसटीच्या पार्सलातून सुखरूप पोचली. वाटेत गहाळ झाली असती तरी चाललं असतं. तू इथे राहून कॉलेज करत होतास तेव्हा ज्या स्केटबोर्डवाल्या पोरापायी आपण दोघांनी तुझ्या काकूची इतकी बोलणी खाल्ली, त्याचाच हा भाग दोन, यावर माझा विश्वास बसत नाही.

आधी रंग. पहिल्या भागात विटकरी भिंतीपुढे पिवळा शर्ट होता, पोरगा कसा उठून दिसायचा. इथे जांभळ्या भिंतीपुढे निळा शर्ट. असली पाटी मी रंगवली असती तर दुकानदाराने मला पायरी चढू दिली नसती. रेषा जुन्याच आहेत, फक्त रंगाचे डबे बदललेत. तेही सोसलं असतं, पण हा पोरगा आळशी आहे. गटार आलं की मी बटण दाबतो, आणि हा शांतपणे विचार करून उडी मारतो. तोवर फळीसकट गटारात. पहिला पोरगा सांगायच्या आत उडायचा.

हल्ली सगळ्याच मालाची ही तऱ्हा. माधवनगरच्या एका औषधाच्या दुकानाची पाटी करत होतो, तर ब्रशने अक्षराची शेपटी भलतीकडेच नेली. काकू म्हणते, ब्रशला नावं ठेवू नका, हात डॉक्टरला दाखवा. तिला गेममधलंही कळत नाही आणि ब्रशमधलंही.

माझ्याकडून भाग दोन नापास. आमच्यावरचा लोभ आटू देऊ नकोस, मात्र तो असल्या कॅसेटींतून दाखवू नकोस.

तुझा,
गंगाधरकाका

सातारा,
१७ जुलै १९९५

ती. काकांस पुष्करचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, कळेना. स्टँडजवळ नाथाजीचं कॅसेटचं दुकान आहे, तिथे मी भाग दोन स्वतः खेळून, पारखून मगच पाठवला. उतार गुळगुळीत, वेग जास्त, आणि उडी तर पहिल्यापेक्षा चपळ. पहिल्या भागातल्या ज्या कुत्र्याने मला अख्खं कॉलेजभर पाडलं, ते भाग दोनमध्ये मी पहिल्या फटक्यात ओलांडलं. आळशी पोरगा असं करील का?

तुमचं म्हणजे जुनं ते सोनं. घरात कलर टीव्ही आला तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात, की माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. आता एक करा. जुनी कॅसेट लावा, मग नवी लावा, आणि काकूला पंच म्हणून शेजारी बसवा. नुसत्या आठवणीवर निकाल देऊ नका.

आणि हाताचं काय आहे ते तुम्ही एका ओळीत उडवलंत. ते नीट लिहा. शिरवळच्या कारखान्यात माझी पाळी बदलली आहे, बाकी ठीक. काकूला नमस्कार. माया आहेच, थोडा न्यायही करा.

तुमचा,
पुष्कर

सांगली,
२५ जुलै १९९५

चि. पुष्करास आशीर्वाद. वि. वि.

केला न्याय. जुनी कॅसेट लावली, तर जुना पोरगाही गटारात. एकदा नाही, दर खेपेला. म्हणजे तुझ्या नव्या कॅसेटने माझं मशीनच नासवलं. नासका आंबा आढीत ठेवला की दुसरं काय होणार? रिमोट उघडून बटणाखालची धूळ थिनरने पुसली, उन्हात वाळवला. तरी तेच.

तुझ्या पंचाची गंमत ऐक. काकूने पदर खोचला, रिमोट हातात घेतला आणि जन्मात पहिल्यांदा बटण दाबलं. पोरगा टुणकन गटारापलीकडे. मी म्हटलं, नवख्याचं नशीब. तिने पुन्हा करून दाखवलं. मग माझ्याकडे अशी बघत बसली, की मला टीव्ही बंद करावा लागला.

हाताचं विचारतोस, तर हात जागेवर आहे. सकाळी शर्टाची बटणं लावायला जरा वेळ लागतो, पण शिंप्याने काजंच घट्ट केली आहेत. तू उगाच काकूच्या सुरात सूर मिसळू नकोस. पाट्या रंगवायचं सोडून मी दवाखान्याच्या बाकावर बसणार नाही. या हाताने अर्ध्या सांगलीची नावं लिहिली आहेत.

लोभ असावा, भाग दोनवर नसला तरी चालेल.

तुझा,
गंगाधरकाका

सातारा,
३ ऑगस्ट १९९५

ती. काकांस सा. न. वि. वि.

काल नाथाजीकडे भांडायला गेलो होतो, की तुझ्या कॅसेटने आमच्या काकांचं मशीन बिघडलं. तो आधीच तोंड पाडून बसला होता. आणखी दोन गिऱ्हाइकं माझ्या आधी येऊन गेली होती. भाग दोन असं काही नाहीच, काका. कुणीतरी पहिल्याच गेमचे रंग बदलले, गाणं बदललं आणि वर नवं चित्र चिकटवलं. नाथाजी म्हणाला, की आमी काय आत शिरून बघतो व्हय, वरचं चित्र बघून माल भरतो. रेषा जुन्या आहेत हे तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मी मात्र जुन्याच उतारांना गुळगुळीत म्हणालो आणि जुनंच कुत्रं ओलांडून छाती फुगवली. नवीन आहे म्हणून जरा ताठ बसून खेळलो असेन, एवढंच.

आज पहाटे कारखान्याच्या बसमध्ये हे आठवून मी एकटाच हसत होतो. खंबाटकीच्या घाटात हसू थांबलं. पोरगा तोच आहे, उडी तीच आहे, काकूने दाबलं तर तो वेळेवर उडतो. मग उशीर कोण करतं, काका?

मला भीती वाटते. चिडायचं तर माझ्यावर चिडा, पण रविवारी मी येतो आहे आणि सोमवारी आपण मिरजेला डॉक्टरांकडे जातो आहोत. मी रजा टाकली आहे. नाही म्हणू नका.

तुमचा,
पुष्कर

सांगली,
२८ ऑगस्ट १९९५

चि. पुष्करास आशीर्वाद. वि. वि.

मी सांगतो आहे आणि काकू लिहिते आहे, म्हणून अक्षर चांगलं दिसलं तर मला शाबासकी देऊ नकोस.

मिरजेत डॉक्टरांनी मला अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगितली, ते तू पाहिलंसच. डाव्या हाताची जुळत होती. उजवा अंगठा मागून येत होता, वरातीतल्या म्हाताऱ्यासारखा. त्याला कंपवात म्हणतात, हे कळायला मला इतकं शिकलेलं माणूस लागलं. मी तर जुलैपासून ते त्या पोराच्या नावावर खपवत होतो.

गोळ्या चालू आहेत. हात थोडा ऐकतो. किती दिवस ऐकेल ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. औषधाच्या दुकानाची पाटी पुरी केली. शेपटी वाकडीच राहिली, ती तशीच ठेवली. गणपतीच्या मंडळांची कामं यंदा परत केली. ते करताना फार वाईट वाटलं.

आता निकाल. भाग दोनला मी नाहक नापास केलं, तो पास. रंगांचे गुण मात्र कापणारच. खेळायचं म्हणशील तर नवी सोय झाली आहे. डावा अंगठा माझा, दिशा मी देतो. उडीचं बटण काकूकडे. तिला दम निघत नाही, गटार दिसलं रे दिसलं की दाबते. पूर्वी आम्ही उशिरा गटारात पडायचो, आता लवकर पडतो. दिवाळीला ये आणि तिला शिकव, माझं ती ऐकत नाही.

आहेस तसाच आमचा राहा.

तुझा,
गंगाधरकाका

ता. क. पुष्कर, ही ओळ माझी, काकूची. मी बटण वेळेवरच दाबते, हे उगाच ओरडतात. ओरडू देत. मिरजेहून आल्यावर आठवडाभर हे कशावरच चिडले नव्हते.